मुजिनामो आहे तोवर

तळ्याच्या पश्चिमेकडच्या कोपऱ्यातली मुजिनामो विरळ झाली आहे असं चिगुसाला पहिल्यांदा वाटलं, तेव्हा तिने स्वतःच्याच डोळ्यांना दोष दिला. सकाळची घाई, आठच्या आत शिवणकारखान्यात पोचायचं, त्यात जुलैचं ऊन उजाडल्यापासूनच पाण्यावर चकाकायला लागलेलं. पण दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम काठावरच्या दगडावर उकिडवी बसली, डोळ्यांवर हात धरून नीट पाहिलं, आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. कोपरा विरळ झाला नव्हता, साफ झाला होता.

तळं म्हणजे तरी काय, परसातला चार हातांचा खड्डा. नोबुआकीने लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात तो खणला होता. नव्या बायकोला नवऱ्याने काय द्यावं याबद्दल जगात पुष्कळ मतं आहेत, पण मांस खाणारी पाणवनस्पती द्यावी असं मत एकट्या नोबुआकीचंच असावं. मुजिनामोला मुळं नसतात. वीतभर लांबीच्या हिरव्या दोऱ्या पाण्यावर नुसत्या तरंगतात, दोरीभोवती चक्रासारखी पानं, आणि प्रत्येक पानाच्या टोकाला शिंपल्यासारखा एवढासा जबडा. डासाची अळी त्याला शिवली की तो मिटलाच. मुजिना नावाच्या, रूप पालटून माणसांना फसवणाऱ्या लबाड जनावराच्या झुबकेदार शेपटीसारखी दिसते म्हणून तिचं हे नाव. गावाबाहेरच्या दलदलीतली मूळची मुजिनामो जुन्या पुरात वाहून गेली, आणि आता लोकांनी आपापल्या परसात, हौदात, टाक्यांत जपली तेवढीच उरली होती.

थंडीत ती आपण होऊन दिसेनाशी होते. शेंडा मिटून घेते, तळाच्या गाळात जाऊन बसते आणि ऊब आली की वर येते. पण जुलै हा काही तिचा बुडी मारण्याचा महिना नव्हे. जुलैत ती वाढते, एकीच्या दोन होतात, तळं भरून टाकते. यंदा ती कमी होत होती.

चिगुसा धास्तावली ती नुसत्या नवऱ्याच्या आठवणीने नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

नोबुआकी गेला त्याला दोन हिवाळे झाले. एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी आटोपून सगळे जेवायला बसले होते, तेव्हा थोरल्या काकांनी, म्हणजे तिच्या सासूच्या दिरांनी, हातातला वाडगा खाली ठेवून विचारलं, की आता चिगुसाचं पुढे काय? मूलबाळ नाही, वयही फार नाही, आणि नवरा गेल्यावर सासरचं नातं कागदावर तोडून मोकळं होण्याची सोय कायद्यातच आहे. काका वाईट हेतूने बोलले नव्हते. पण जेवणाऱ्या सगळ्यांनी माना खाली घातल्या, सासू तोकिएनेही घातली, आणि ‘ती कुठे जाणार, हे तिचंच घर आहे’ असं एकाच्याही तोंडून आलं नाही. तेव्हा चिगुसा बोलून गेली, “तळ्यातली मुजिनामो आहे तोवर मला काही इथून हलता येणार नाही.”

वाक्य छान बसलं. त्यात नवऱ्याची आठवण होती, जबाबदारी होती, नम्रपणाही होता, आणि ‘मला ठेवून घ्या’ हे शब्द त्यात नव्हते. काकांनी मान डोलावली, बायकांनी डोळे पुसले. त्या दिवसापासून चिगुसा त्या वाक्याच्या छपराखाली राहत होती. माहेर लांब, निइगाताकडे, आईवडील गेलेले आणि घर आता भावजयीचं. मुजिनामो संपली तर काय होईल, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

म्हणून तिने तळ्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला सुरुवात केली. आधी लाल झिंग्यांवर संशय घेतला. शेतातल्या पाटांतून ते कुठेही शिरतात आणि नांग्यांनी सगळं कातरून टाकतात. दोऱ्याला सुक्या म्हाकुळाचा तुकडा बांधून तो पाण्यात सोडला, तर संध्याकाळपर्यंत एक मरतुकडा झिंगा लागला. त्याच्याकडे पाहून याने इतकं खाल्लं असेल असं कुणालाच वाटलं नसतं. मग बदकं येत असतील म्हणून तिने तळ्यावर मासेमारीची दोरी आडवी उभी ताणली. बदक आलं नाही, पण पुढच्या आठवड्यात उत्तरेचा काठही मोकळा झाला. दोरी जागच्या जागी होती. कातरलेला एक तुकडा, तुटलेलं एक पान पाण्यावर नव्हतं. जनावर जेवलं की उष्टं सांडतं. हे काम फार नीटनेटकं होतं, म्हणजे माणसाचं होतं.

आणि माणूस म्हटल्यावर कुंपणापलीकडे कुरिहारा होता.

कुरिहारा पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेला विधुर. निळ्या फुलांचे वेल कुंड्यांत चढवायचे आणि शेजाऱ्यांच्या चुका मोजायच्या, एवढी दोन कामं त्याला उरली होती. चिगुसाच्या तळ्यामुळे आपल्याला डास चावतात ही त्याची जुनी तक्रार. ही वनस्पती डासांच्या अळ्याच खाते हे नोबुआकीने त्याला किती वेळा सांगितलं असेल, पण डास चावत असलेल्या माणसाला असल्या गोष्टी पटत नाहीत. त्या दिवशी चिगुसा तळ्याशी वाकून पाहत होती, तर कुंपणावरून त्याचं डोकं वर आलं.

“शोधून काय उपयोग,” तो म्हणाला. “नावातच मुजिना आहे तिच्या. रूप पालटून गेली असेल कुठेतरी. तुमच्या डोक्यावरची टोपी एकदा चाचपून बघा.”

चिगुसा हसली, कारण शेजाऱ्याच्या विनोदाला हसायचं असतं. स्वयंपाकघरात येऊन तांदूळ धुवायला घेतले तेव्हा तिचा हात पाण्यातच थांबला. मुजिनामो कमी होतेय हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. मग याला कसं कळलं?

आता कुठेतरी पाणी मुरतंय याबद्दल तिला शंका उरली नाही. आणि एकदा संशय घरात घेतला की तो एका खोलीत बसत नाही. सासूचंही वागणं तिला वेगळंच दिसायला लागलं. तोकिए मूळची कमी बोलणारी, पंचाहत्तरी गाठलेली, कण्यात ताठ. पण हल्ली ती जेवताना सहज म्हटल्यासारखं काहीबाही बोलायची. कावागोएला भाचीचं मिठाईचं दुकान आहे, तिला हाताशी एक बाई हवी आहे, दुकानावर राहायची खोलीही आहे, हवेशीर आहे म्हणतात. दुसऱ्या दिवशी म्हणाली, की चव्वेचाळीस म्हणजे काय वय आहे, हल्ली लोक या वयात लग्नं करतात. असं बोलायची आणि वर पीच सोलून, फोडी करून चिगुसाच्या पुढे ठेवायची. टोमणे मारणारी सासू चिगुसाला समजली असती. पीच सोलणारी सासू तिला जास्त धोक्याची वाटली. घालवायच्या पाहुण्याला माणसं शेवटी शेवटी असंच गोड खाऊ घालतात.

रविवारी चिगुसाने परसातल्या काकड्या तोडल्या, कागदात गुंडाळल्या आणि कुरिहाराच्या दारात उभी राहिली. काकड्या जास्त झाल्या होत्या हे खरं होतं. पण त्या कुणाला द्यायच्या हे तिने तळ्याकडे बघून ठरवलं होतं. तिला पाहून म्हाताऱ्याची तारांबळ उडाली. एरवी दारातूनच वाटेला लावणारा माणूस, आत या म्हणाला, मग नको, आत पसारा आहे म्हणाला, शेवटी इथेच थांबा, टोमॅटो आणतो असं म्हणून आत गेला. चिगुसा थांबली नाही. घराला वळसा घालून मागे गेली. तिथे सावलीत, वेताच्या चटईखाली झाकलेलं एक मोठं टाकं होतं. तिने चटईचा कोपरा उचलला.

पाणी हिरवंगार होतं. मुजिनामोच्या लांबच लांब दोऱ्या, एकीला एक लागून, टाकं भरून पसरल्या होत्या.

कुरिहारा टोमॅटो घेऊन आला तेव्हा चटई अजून तिच्या हातात होती. दोघांनीही पाण्याकडे पाहिलं, जणू ते दोघांनाही नवीन होतं.

“तुमच्याकडेही आहे तर,” चिगुसा म्हणाली.

“आहे थोडी. मिळाली.”

“छान वाढलीय. नवं पाणी तिला इतक्या लवकर मानवत नाही म्हणतात. बहुतेक कुणाच्या तरी घरची सवय असेल तिला.”

म्हातारा कानापर्यंत लाल झाला. यंदा उकाडा चांगला आहे, तो तिला मानवतो असं काहीतरी पुटपुटला आणि त्याने टोमॅटो पुढे केले. चिगुसाने टोमॅटो घेतले, आभार मानले, वाकून नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या जागी तो समोर आला, तर ती न वाकता सरळ पुढून निघून गेली. त्या गल्लीत याहून मोठी शिवी नाही.

त्या संध्याकाळी कामावरून घरी येऊन तिने सासूला सगळं सांगितलं. राग इतका होता की शब्द एकमेकांवर आदळत होते. तोकिए वांगी परतत होती. तिने आच कमी केली, पण मागे वळून पाहिलं नाही. जाऊ दे, म्हणाली, शेजारी आहे, पाण्यातलं गवत ते, त्यावरून कुठे तोंड वाईट करायचं. चिगुसाला तोंडात मारल्यासारखं झालं. नोबुआकीची मुजिनामो, आणि त्याच्याच आईने तिला गवत म्हणावं.

ते तिला रात्रभर लागून राहिलं असतं, पण झोपायच्या आधीच तिला जास्त वाईट गोष्ट सुचली. ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. एका बाहीतून लोंबणारा धागा तिने ओढला, तो तटकन तुटला, आणि तिला कुरिहाराचं टाकं आठवलं. त्यातली मुजिनामो अख्खी होती. शेंड्यापासून टोकापर्यंत एकही दोरी तुटलेली नव्हती, जबडे उघडे होते. जाळीने किंवा हाताने उचलली तर ती हमखास तुटते आणि जबडे घाबरून मिटतात. तिला उचलायची एकच रीत आहे. सूप प्यायचा लाखेचा वाडगा तिच्याखाली पाण्यात बुडवायचा आणि ती पाण्यासकट वर येईल इतक्या सावकाश तो उचलायचा, तिला न शिवता. ही रीत नोबुआकीची. कुरिहारा तर स्वतःच्या टाक्यातलं शेवाळं दाताळ्याने ओढून काढायचा. वाडग्याची रीत नोबुआकीने या घरात दोन बायकांना शिकवली होती. त्यातली एक घडी घालत बसली होती.

दुसरी पलीकडच्या खोलीत पंख्याचा वारा घेत होती.

त्यानंतरच्या दिवसांत चिगुसाने जे केलं त्याचा तिला पुढे फार अभिमान वाटला नाही. तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर काय असेल ते तिला ऐकायचं नव्हतं. ती नुसती पाहत राहिली. संध्याकाळी कामावरून आली की सासूच्या बाह्यांकडे बघायची. एकदा उजवी बाही कोपरापर्यंत ओली होती. भाजी धुतली, तोकिए म्हणाली. सिंक कोरडं होतं. दोघी समोरासमोर बसून गार सोमेन शेवया खायच्या, आणि पंखा आळीपाळीने एकीकडे, मग दुसरीकडे मान वळवायचा. मुलगा गेला, म्हातारीला सून नको आहे, आणि सरळ ‘जा’ म्हणायची हिंमत नाही, म्हणून ती तळं रिकामं करून सुनेच्या तोंडचं वाक्यच काढून घेते आहे. इतकं साधं होतं ते. चिगुसाला राग यायला हवा होता. तो येतही होता, पण त्याच्याखाली नुसतं रडू होतं. नवऱ्याच्या मरणानेही तिला इतकं एकटं पाडलं नव्हतं.

ओबोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या, आदल्या दिवशी शिवणकारखाना दुपारीच सुटला. उद्या गेलेली माणसं घरी यायची, म्हणून सगळ्यांना घरी जाऊन दिवे, फुलं, फळं मांडायची होती. चिगुसाने देठासकट कमळकळ्या घेतल्या आणि पुढच्या दाराने न जाता घराच्या कडेने परसात आली.

तोकिए काठावरच्या दगडावर गुडघे टेकून बसली होती. एका हाताने दगड धरलेला, दुसऱ्या हातातला लाखेचा वाडगा पाण्यात. वाडगा सावकाश, अगदी सावकाश वर आला, आणि त्यात तळ्यातली शेवटची मुजिनामो होती. कुंपणापलीकडे कुरिहारा बादली धरून उभा होता. त्याची नजर चिगुसावर पडली आणि तो जागच्या जागी कमरेतून वाकला, बादलीसकट, आणि तसाच राहिला.

तोकिएने मागे पाहिलं. ती दचकली नाही. वाडगा मात्र तिने दोन्ही हातांनी छातीशी धरला.

“आज लवकर सुटलीस,” ती म्हणाली. “एवढं एकच राहिलं होतं. नोबुआकी यायच्या आत संपवायचं होतं.”

“कशासाठी?” चिगुसाने विचारलं. “मी जावं म्हणून ना? सांगायचं होतं तोंडाने. मी गेले असते.”

“कशी गेली असतीस? तूच म्हणालीस सगळ्यांसमोर. ही आहे तोवर तुला इथून हलता येणार नाही.” तोकिए वाडग्यात बघत होती. “दोन वर्षं मी ते ऐकतेय. तू रोज सकाळी इथे येऊन बसतेस, पाण्यात बघतेस, मग कामावर जातेस. मला वाटायचं, माझ्या मुलाने मरून पोरीला या डबक्याला बांधून ठेवलं. उपटून फेकायला माझा हात झाला नाही, त्याचीच होती ती. म्हणून यांच्या गळ्यात घातली. यांना सांगितलं, एक शब्द बोललात तर बघा.”

कुरिहारा कुंपणापलीकडून, अजून वाकलेलाच, म्हणाला की त्याने शब्द पाळला.

“मी अडतिसाची होते,” तोकिए पुढे म्हणाली. “नोबुआकीचे वडील गेले तेव्हा. सासू म्हणाली, मुलगा आहे, आता तू कुठे हलणार? मला कुणी विचारलं नाही, मला काय हवंय. पुढे विचारायला कुणी उरलंच नाही. उद्या नोबुआकी येईल, त्याला मला सांगायचं होतं, की बाबा, तुझ्या बायकोला मी सोडलं. माझ्यासारखं नाही केलं तिचं.”

चिगुसाच्या हातातल्या कमळकळ्या कधी खाली पडल्या तिला कळलं नाही. ते वाक्य तिने स्वतःला वाचवायला बोललं होतं, आणि म्हातारीने दोन वर्षं ते तक्रार म्हणून ऐकलं होतं. सभ्य माणसांच्या घरात हे असंच होतं. एक जण दार ठोठावतो, दुसऱ्याला वाटतं तो बाहेर जायला बघतोय.

“आई, ते मी हलावं लागू नये म्हणून म्हटलं होतं,” ती म्हणाली. “मला इथे राहायचं होतं. त्या दिवशी कुणीच राहा म्हटलं नाही. तुम्हीसुद्धा मान खाली घातलीत. मग मला काहीतरी कारण हवं होतं.”

आधी तोकिएला कळलं नाही, मग कळलं, आणि कळल्यावर तिचा ताठ कणा थोडा खाली आला.

“मान वर करून काय म्हणणार होते?” ती हळूच म्हणाली. “राहा म्हटलं असतं तर तू राहिली असतीस. माझी सासू तेच म्हणाली होती.”

मग तिने घाईघाईने वाडगा तळ्याकडे वळवला. ओतून टाकते परत, म्हणाली, हे वाढतं भराभर, उन्हाळा आहे अजून, शिवाय यांचं टाकं भरलंय, त्यातलंही आणू. कुरिहारा सरळ झाला आणि विचारू लागला, की मग बादली ठेवायची की न्यायची, कारण त्याची कंबर धरली होती.

चिगुसाने सासूच्या हातून वाडगा घेतला. पाण्यातली दोरी हलली, पण एकही जबडा मिटला नाही. ती कुंपणापाशी गेली, वाडगा कुरिहाराच्या बादलीत बुडवला आणि मुजिनामो पाण्यासकट त्यात सोडली. मग तिने त्याला वाकून नमस्कार केला, कचऱ्याच्या जागी राहिला होता तोही धरून, चांगला खोल. म्हाताऱ्याने बादली दोन्ही हातांत घेतली आणि एक थेंब न सांडता तो टाक्याकडे गेला.

तळ्यात आता नुसतं पाणी होतं.

“हे काय केलंस?” तोकिए म्हणाली. “उद्या भावोजी येतील. तळं बघतील आणि विचारतील, आता हिचं काय.”

“विचारू देत. सांगेन, मला राहायचंय.”

“ते कारण विचारतील. त्यांना ओळखतेस ना.”

“कारण नाही. नुसतं राहायचंय.”

तोकिएने दगडाला धरून उठायचा प्रयत्न केला. गुडघे धरले होते. चिगुसाने हात पुढे केला, तो तिने धरला आणि उभी राहिली, पण उभी राहिल्यावर सोडला नाही.

“मग मलाही विचारतील,” ती म्हणाली.

“तुम्ही काय सांगाल?”

तोकिएला हे आयुष्यात पहिल्यांदाच बोलायचं होतं, आणि सवय नव्हती.

“सांगेन, माझं हिच्यावाचून अडतं,” ती म्हणाली.